फुगवते ती वाफ

फुगलेला पदार्थ ताटात आला की खाणारा हमखास विचारतो, यात घातलंय काय? सोडा, इनो, यीस्ट, नाहीतर अंडे, अशी उत्तरे मनात तयारच असतात. ओव्हनमध्ये भाजलेल्या पॅनकेकबाबत तर हा प्रश्न हटकून येतो. अंडी, दूध आणि मैदा यांचे पातळ पीठ तापलेल्या भांड्यात ओतून कडक ओव्हनमध्ये ठेवले की वीसेक मिनिटांत त्याच्या कडा भांड्याच्याही वर चढतात, मधे उंचवटे उठतात, आणि बाहेर काढल्यावर बघता बघता सगळे खाली बसते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरातल्या मॅन्काज कॅफेने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तो ‘डच बेबी’ या नावाने लोकप्रिय केला. आपल्याकडे तो घरगुती ओव्हनबरोबर आला आणि येताना चमचाभर बेकिंग पावडर घालण्याची सवयही घेऊन आला. ती पावडर तिथे वाया जाते, बऱ्याचदा नडतेही, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. फुगवण्याचे काम वाफ करते, ती धरून ठेवण्याचे काम पापुद्रा करतो, आणि या दोघांची वेळ जुळली तरच पदार्थ उठतो. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ज्वारीच्या भाकरीत आहे, कारण फुगवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांतले काहीच तिच्यात नसते.

भाकरीसाठी कर्जत तालुक्यातल्या मिरजगावाकडे पाहणे सोयीचे. नगर-सोलापूर रस्त्यावरचे हे मोठे गाव. जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला तरी रस्ता लोकांच्या तोंडी अजून नगर-सोलापूरच आहे. जिल्ह्याचा हा दक्षिण भाग पर्जन्यछायेतला. पावसाचा भरवसा नाही, पण काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून राहते आणि त्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी उन्हाळ्याच्या तोंडावर काढणीला येते. माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा, असे दोन्ही संसार ती चालवते. इथून सोलापूरपर्यंतच्या पट्ट्याची मालदांडी प्रसिद्ध आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला एम ३५-१ हा वाण १९३०च्या दशकातला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, उत्पादन वाढले, पण ‘हायब्रीड’च्या भाकरीला खेड्यांनी कधी मनापासून मान दिला नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा असे रब्बीचे वाण दिले, तरी प्रत ठरवायची म्हटली की तुलना मालदांडीशीच होते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या संस्थेत १९८१ मध्ये ज्वारीच्या दाण्याच्या प्रतीवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. भाकरीसाठी कोणती ज्वारी चांगली, पीठ कसे मळले जाते, कसे पसरते, भाकरी किती वेळ मऊ राहते याच्या तिथे मांडलेल्या कसोट्यांतही एम ३५-१ हाच नमुना धरलेला होता. बाईच्या हाताला जे कळत होते त्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला, एवढेच.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते. गव्हाची कणीक ताणली तर लांबते, कारण तिच्यात ग्लुटेनचे जाळे असते. ज्वारीचा गोळा ताणला तर तुटतो. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. मग या तुटक पिठातून वाफ कोंडणारा पापुद्रा येतो कुठून? उत्तर आधणाच्या पाण्यात आहे. ज्वारीतले पिष्ठ साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. आधण पिठात ओतले की पिठाचा काही भाग तिथेच, काठवटीतच, अर्धवट शिजतो आणि उरलेल्या कोरड्या कणांना बांधून घेतो. तळहाताच्या टाचेने रगडून मळण्याचे कारणही हेच. शिजलेला चिकट भाग सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते, थापताना कडा फाटतात, आणि तेव्हा जाणती बाई आधण वाढवते किंवा सरळ उकड काढते. ताज्या पिठाने जे आपण होऊन दिले असते ते ती शिजवून मिळवते.

आता तव्यावर काय होते ते सावकाश पाहू. थापलेली भाकरी तव्यावर पिठाची बाजू वर करून टाकतात आणि लगेच त्या बाजूवर ओल्या हाताने पाणी फिरवतात. हे पाणी नुसते पीठ पुसण्यासाठी नसते. वरचा थर कोरडा पडून तडकू नये आणि त्यातले पिष्ठ शिजून त्याची सलग कातडी व्हावी, हे त्याचे खरे काम. पाणी सुकत आले, पण अजून ओलसर चमक आहे, त्या घडीला भाकरी उलटतात. आधी उलटली तर ती तव्याला चिकटते, उशिरा उलटली तर पापुद्र्याला भेगा पडतात. दुसरी बाजू भाजून निघाली की तिला चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरासमोर उभी करतात किंवा तवा बाजूला करून थेट जाळावर धरतात. या वेळी भाकरीला दोन बाजूंनी दोन शिजलेले पापुद्रे असतात आणि मधे मऊ, ओला थर असतो. जोराची आच लागताच मधल्या ओलीची वाफ होते, तिला जागा हवी असते, आणि ती सर्वांत कच्च्या ठिकाणी, म्हणजे मधोमध, दोन पदर अलग करते. भाकरी टम्म फुगते. कडेला केसाएवढी चीर असली तरी त्या चिरेतून फुस्स करून वाफ निसटते आणि भाकरी तेवढ्या बाजूला चपटी राहते. आच मंद असेल तर वाफ हळूहळू झिरपून जाते आणि भाकरी न फुगताच कडक होते. चीर, कोरडा वरचा थर, मंद आच: भाकरी बसण्याच्या या तिन्ही कारणांत ‘काहीतरी घालायचे राहिले’ हे कारण कुठेच येत नाही.

वाफेच्या अंगात एवढा जोर असतो का, अशी शंका येणे साहजिक आहे. एक ग्रॅम पाणी, म्हणजे चमच्याचा पाचवा हिस्सा, शंभर अंशांना वाफ झाले की सुमारे १.७ लिटर जागा मागते. एक ग्रॅम खाण्याचा सोडा, त्याला पुरेपूर आंबटाची जोड मिळाली तरीही, नेहमीच्या तापमानाला पाव लिटरहून थोडा अधिक वायू देतो. आंबट नसेल तर त्याच्या निम्माच. शिवाय सोडा ग्रॅम-दोन ग्रॅमच्या पुढे घालता येत नाही, चव साबणासारखी होते. पाणी मात्र पिठात वाटीने असते. हिशेब इतका एकतर्फी आहे. आणि ज्याला हिशेब नको त्याने नागपंचमीच्या लाह्या पाहाव्यात. तीच ज्वारी, तेच पाणी. दाणे आधी गरम पाण्याने दमट करून फडक्यात बांधून ठेवतात, मग तापलेल्या कढईत टाकतात. दाण्याच्या टणक सालीत ओल कोंडली जाते, साल फुटेपर्यंत दाब चढतो आणि आतले शिजलेले पिष्ठ एका क्षणात बाहेर उसळून तिथेच वाळते. साल फुटलेल्या किंवा किडक्या दाण्याची लाही होत नाही. त्याला वाफ धरता येत नाही.

तरीही सोड्याची बाजू घेणारा म्हणेल, की ढोकळा, भजी, केक हे सगळे सोड्यानेच हलके होतात, ते काय खोटे? खोटे नाही, पण ते वेगळे काम आहे. सोड्याचा वायू पिठात सगळीकडे बारीक बुडबुडे करतो आणि पदार्थ जाळीदार, स्पंजासारखा होतो. आपल्याला इथे एक-दोन मोठ्या पोकळ्या हव्या आहेत. जाळी पडली की वाफेला निसटायला हजार वाटा मिळतात. घावन, आंबोळी, धिरडे यांचे पीठ चांगले पातळ, तवा चांगला तापलेला, तरी ती भाकरीसारखी फुगत नाहीत; त्यांच्या अंगावर जाळी पडते आणि वाफ तिथून वर जाते. त्या जाळीचे आपण कौतुकही करतो. थालीपिठाला तर बोटाने मुद्दाम भोके पाडतो, तेल आत जावे आणि ते आतपर्यंत भाजावे म्हणून. भोके पाडलेले थालीपीठ फुगल्याचे कोणी पाहिलेले नाही. इतिहासही सोड्याच्या विरुद्ध साक्ष देतो. ओव्हनमधल्या पॅनकेकचा इंग्लंडमधला भाऊबंद म्हणजे यॉर्कशायर पुडिंग. हॅना ग्लास हिच्या पाककृतींच्या पुस्तकात ते १७४७ मध्ये आहे, आणि त्यात दूध, अंडी, मैदा, मीठ आणि कडकडीत तापलेली चरबी एवढेच आहे. आल्फ्रेड बर्डची बेकिंग पावडर आली १८४३ मध्ये. जवळपास शंभर वर्षे लोक ही पूड माहीत नसतानाच ते भाजत होते. २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने अर्ध्या थट्टेने जाहीर केले की चार इंचांपेक्षा कमी उठलेल्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये. ती उंचीही पावडरीच्या जिवावर सांगितलेली नव्हती.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. अंडी फेटताना हवा शिरते, ती तापून प्रसरण पावते, मग श्रेय हवेचे का नको? हवेचा वाटा आहे, पण तो सुरुवात करून देण्यापुरता. पाण्याची वाफ व्हायला कुठेतरी बूड लागते, आणि फेटताना राहिलेले सूक्ष्म बुडबुडे ते बूड देतात. पण हवा खोलीच्या तापमानापासून ओव्हनच्या आचेपर्यंत तापली तरी तिचे आकारमान दुपटीच्याही आतच राहते. वाफेच्या सतराशे पटींपुढे ते काहीच नाही. इंग्लंडातले स्वयंपाकी हे पीठ तासन् तास, कधी रातभर झाकून ठेवतात. तोवर फेस बसून जातो, पीठ संथ होते आणि तरीही दुसऱ्या दिवशी ते तितक्याच जोमाने उठते. म्हणून पांढरे वेगळे काढून त्याचा कडक फेस करण्याची इथे गरज नाही. ते कष्ट स्पंज केकसाठी राखून ठेवावेत.

मग ग्लुटेनशिवाय भागणार नाही, असे म्हणणाऱ्याला भाकरी उत्तर देते. पण ते उत्तर अर्धेच आहे, हे कबूल केले पाहिजे. भाकरीचा पापुद्रा शिजलेल्या पिष्ठाचा असतो आणि तो बेताचाच ताणतो. म्हणून भाकरी एकदाच, एकाच पोकळीने फुगते, तळहातभर उंच. पॅनकेकचे पीठ पातळ असते, त्याला ताणत ताणत वर जायचे असते, आणि ते ताणणारे अंड्यातले प्रथिन आहे. मैद्यातले ग्लुटेन त्याला हातभार लावते. पाणी मिसळून पातळ झालेले अंडे ऐंशी अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागते, म्हणजे वाफेचा जोर चढत असतानाच पापुद्रा बसत जातो. तोवर त्याने ताणले पाहिजे आणि त्यानंतर त्याने उभे राहिले पाहिजे. भाकरीवाली बाई पाणी सुकण्याच्या ज्या घडीवर डोळा ठेवते, तीच घडी इथे बंद दारामागे येते. ओव्हनचे दार मधेच उघडू नये याचे कारण हेच. न बसलेल्या पापुद्र्याला थंड हवा लागली की आतली वाफ पुन्हा पाणी होते. एक लिटर वाफेचे पाणी होते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिलिटर, आणि पोकळी आतल्या आत मिटते.

हे एकदा ध्यानात आले की कृती पाठ करावी लागत नाही. दोन-तीन माणसांच्या न्याहारीला तीन अंडी, अर्धी वाटी म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आत-बाहेर दूध, साठ-पासष्ट ग्रॅम मैदा, चिमूट मीठ आणि भांड्यासाठी दोन चमचे लोणी किंवा तूप. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते आणि दुधात त्याहून जास्त. एकूण पाणी दोनशे ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे मैद्याच्या तिप्पट. एवढे पाणी असताना आणखी फुगवणारे काही घालायचे म्हणजे आडात पाणी असताना टँकर मागवणे झाले. पीठ गाठी मोडेपर्यंतच घुसळावे, अर्धा तास झाकून ठेवावे. बिडाचा तवा किंवा बिडाची पसरट कढई असेल तर उत्तम, कारण बीड आच धरून ठेवते; मात्र तिला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नको. ती ओव्हनमध्येच २२० अंशांवर चांगली तापू द्यावी, लोणी घालून ते फेसाळले की लगेच पीठ ओतावे आणि दार लावावे. भांड्याच्या तापलेल्या कडांना पीठ आधी शिजते आणि वाफ तिथे आधी उठते, म्हणून कडा वर चढतात आणि मधला भाग मागे राहून वाटीसारखा खोलगट होतो. हा दोष नव्हे. फळांचे काप, मध, किंवा मिरपूड आणि परतलेला कांदा त्याच खोलगट भागात बसतो. अठरा ते वीस मिनिटे पुरतात. साखर पिठात घालायचा मोह टाळलेला बरा. साखरेने अंडे उशिरा बसते आणि रंग मात्र लवकर चढतो, त्यामुळे शिजला असे समजून कच्चाच बाहेर निघतो.

मैद्याऐवजी मिरजगावची ज्वारी वापरता येईल का? येईल, कारण मुख्य आधार अंड्याचा आहे. उठाव कमी मिळेल, कडा मैद्याच्या कडांइतक्या चढणार नाहीत, आणि चव मात्र अधिक भरीव येईल. इथे भाकरीची युक्ती उपयोगी पडते: ज्वारीचे पीठ गरम दुधात कालवून चिकट होऊ द्यावे, कोमट झाल्यावरच अंडी घालावीत. अर्धी ज्वारी आणि अर्धा मैदा हा त्यातल्या त्यात सोपा तोडगा. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष होऊन गेले आणि त्या निमित्ताने ज्वारीचे केक, ज्वारीची बिस्किटे यांची लाट आली. त्यांतल्या बऱ्याच पाककृती ज्वारीला मैदा समजून वापरतात आणि मग भुगा झाला की सोडा वाढवतात. ज्वारीला ज्वारीसारखे, म्हणजे आधणाने वागवले तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही ते कुकरमध्ये मीठ किंवा वाळू तापवून केक करतात. केक होतो, पण हा पॅनकेक तिथे तितका उठत नाही. तिथली आच खालून येते आणि वरून फारशी नसते. शिवाय भांडे झाकलेले असल्याने वरचा पापुद्रा ओला राहतो, वाळून उभा राहत नाही. वरून आच हवी हे आपल्या जुन्या स्वयंपाकाला चांगले माहीत होते. सीकेपी घरांतले भानोले खाली-वर निखारे ठेवून भाजत, आणि गोव्यातला बेबिंका तर वरच्या निखाऱ्यांवरच थर-थर करून होतो. जाड बुडाचे पातेले, त्यावर काठाचे झाकण आणि झाकणावर निखारे, ही व्यवस्था चुलीवर आजही करता येते. आच अंशांत मोजता येणार नाही, पण भाकरी आरावर किती वेळात फुगते हे ज्याला उमगते त्याला ती मोजावी लागत नाही.

शेवटची हरकत खाणाऱ्यांची: दोन-चार मिनिटांत बसणाऱ्या फुगवट्यासाठी एवढा खटाटोप कशाला? बसणे टाळता येत नाही, ही गोष्ट खरी. थंड होताना वाफेचे पाणी होणारच. भाकरीही बसते, पण बसताना दोन पदर मोकळे करून जाते, आणि त्या मोकळ्या पदरात लोण्याचा गोळा सारता येतो. पॅनकेकही बसताना कुरकुरीत कडा आणि मऊ मध्य ठेवून जातो. फुगलाच नसता तर तो सबंध ऑम्लेटसारखा घट्ट झाला असता. पण फुगलेल्या अन्नाची घाई कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न यात लपलेला आहे. गरम भाकरी एकेक होते. घरातले एकामागून एक उठतात, ताटात टम्म भाकरी पडते, आणि थापणारी चुलीपाशीच असते; तिच्या वाटची भाकरी बहुधा बसलेली आणि गार. ओव्हनमधला पॅनकेक सगळ्यांचा एकदमच तयार होतो, आणि तो भाजत असताना कोणाला उभे राहावे लागत नाही. घरगुती ओव्हन दीड हजार वॅटचा धरला तर तापवण्यासकट चाळीस मिनिटांना एक युनिट वीज लागते. त्या चाळीस मिनिटांत करणारीही पाटावर येऊन बसू शकते. म्हणून भांडे बाहेर काढण्याआधी सगळ्यांना बसवून घ्यावे, ताटे मांडून ठेवावीत, आणि दार उघडायचे ते त्यानंतर. माणसे जितकी बसणार असतील तितकेच पीठ करावे. उरलेल्या भाकरीची दुसऱ्या दिवशी फोडणीची भाकरी होते. उरलेला पॅनकेक मात्र चिवट होतो आणि पुन्हा तापवला तरी फुगत नाही, कारण त्याचा पापुद्रा एकदा बसला की पुन्हा ताणत नाही.